राखीव चाळीस

सहा आकडे आले. फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला होता, तो एकदा थरथरला आणि त्याच्यावर वरून एक पट्टी खाली सरकली. सहा आकडे, आणि त्यांच्याखाली बारीक अक्षरांत, हा कोड दहा मिनिटं चालेल, कोणालाही सांगू नका. कोणालाही म्हणजे कोणालाही. पण तो मागवला होता माझ्याच मुलानं, दुसऱ्या शहरात आपल्या ऑफिसात बसून, आणि आता तो म्हणत होता, "आला का, आई? वाच बरं." लहान मुलापुढे औषधाचा चमचा धरताना आपण जो आवाज काढतो, त्या आवाजात. तो आवाज त्याला मीच शिकवला असणार, दुसरं कोण होतं घरात. घड्याळात सव्वाचार झाले होते. मी चष्मा पुसायला घेतला. चष्मा चांगला स्वच्छ होता.

एवढे आकडे वाचून दाखवले की जिन्याखालच्या पेटीचा ताबा त्याच्या फोनवर जाणार होता. पेटी म्हणजे बॅटरी. पांढरी, कपाटाच्या दाराएवढी, भिंतीला ठोकलेली. गच्चीवरची पॅनेलं दिवसभर तिच्यात वीज भरतात आणि संध्याकाळी सहा ते नऊ, सगळं शहर एकदम घरी येऊन बटणं दाबतं तेव्हा, कंपनी आमची साठवलेली वीज बाहेर ओढून घेते. किती ओढू द्यायची ते मी ठरवायचं. फोनवर एक आडवी रेघ आहे, तिच्यावर 'राखीव' असं लिहिलंय. बोटानं ती जिथे सरकवाल त्याच्या खाली कंपनीनं पेटी उतरवायची नाही. आणून बसवली तेव्हा दहा टक्क्यांवर होती. आता मुलाचं म्हणणं असं की तो एकदा सगळं ऑटोमॅटिक करून टाकेल, म्हणजे कंपनीचा संगणक ऊन बघून, मागणी बघून आपलं आपण ठरवेल आणि कोणालाच काही बघायला नको. "तुला त्रास नको गं," तो म्हणाला. माझा त्रास कमी करायला निघालेल्या माणसांची मला धडकी भरते. आधी त्यांनी माझी स्कूटर विकली. मग शिडी शेजाऱ्यांकडे ठेवायला दिली. दोन्ही वेळा मी गप्प बसले आणि दोन्ही वेळा घर थोडंथोडं माझ्या हाताबाहेर गेलं.

"आई? आहेस ना?" "आहे रे. चष्मा शोधतेय." धडधडीत खोटं. पण खोटं बोलायला मला ताईनंच शिकवलं, आणि ती पलीकडच्या खोलीत हवेच्या गादीवर पडून सगळं ऐकत होती. माझ्या या थोरल्या बहिणीचे कान अजून शाळेतलेच आहेत, शेवटच्या बाकावरची कुजबुज टिपणारे. चौतीस वर्षं भूगोल शिकवला तिनं. तीन वर्षांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, ते नीट जुळलं नाही, तेव्हापासून माझ्याकडे. तिच्या पाठीखाली ती गादी आहे, जिच्यातले हवेचे कप्पे एकाआड एक फुगतात आणि बसतात, म्हणजे कातडी एकाच जागी दबून जखम होत नाही. गादीचा पंप दिवसरात्र चालतो. घुं, मग थांबणं, मग घुं. तो आवाज मला आता ऐकूच येत नाही. थांबला तर मात्र जाग येते, आपण चालताना कोणी पाठीमागून खांद्यावर हात ठेवावा तशी.

मंगळवारी तो थांबला. गेले चार दिवस मी त्या मंगळवारभोवती घिरट्या घालतेय. दुपारी कंपनीचा मेसेज आला होता की उकाडा फार आहे, मागणी चढेल, पुरवठा खंडित होऊ शकतो. असा मेसेज वाचला की माझ्यासारख्या बाईचे हात आपोआप चालायला लागतात. मी फोन उघडला, रेघ दहावरून साठवर सरकवली, खणखणीत आवाजात म्हटलं, "राखीव साठ," आणि फोन खाली ठेवून भाजी निवडायला बसले. मला आठवतंय, छान वाटलं होतं. काहीतरी नीट केल्यासारखं. सहा वाजले तशी पेटी गुणगुणायला लागली आणि पावणेआठपर्यंत तिनं दहा टक्के सोडून सगळं बाहेर ओतलं. आठला गल्लीतली वीज गेली. दहा टक्क्यांत फ्रिज चालला, पंखे चालले, वर पाण्याची मोटर लागली होती ती चालली, आणि अर्ध्या तासात घर गप्प झालं. मग पंप गप्प झाला. ताई हळूहळू खाली बसत गेली, खाटेच्या लोखंडी पट्ट्यांवर, आणि मी एकटी तिला उचलू शकत नव्हते. उशा सरकवल्या, चादरीच्या घड्या सरकवल्या. दहा वाजता वीज आली. दुसऱ्या दिवशी नर्सनं डाव्या टाचेवरचा लाल चट्टा बोटानं दाबून पाहिला, तो पांढरा पडायला हवा होता, पडला नाही, आणि ती म्हणाली, "आणखी एकदा असं झालं ना आजी, तर ही टाच फुटेल. मग मी रोज येऊनही काही उपयोग नाही."

मुलानं त्याच्या फोनवर आलेख काढून पाहिला. त्याला फक्त बघता येत होतं, हात लावता येत नव्हता. "आई, तू बदललंच नव्हतंस. साठ कधी झालंच नाही. खाली 'जतन करा' म्हणून बटण असतं, ते तू दाबलंच नाहीस." आणि मग फार प्रेमानं, "विसरलीस गं. होतं असं." होतं असं! त्या दोन शब्दांनी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एखाद्या बाईनं मीठ दोनदा घातलं की होतं असं. तिनं किल्ल्या फ्रिजमध्ये ठेवल्या की होतं असं. आणि असं तीन-चारदा झालं की मग माणसं दाराआड हळू आवाजात बोलायला लागतात. मी विसरले नव्हते. कोणाला सांगून पटणार नाही, पण माझी चूक झाली ती विसरल्यामुळे नव्हे, फार पक्कं लक्षात राहिल्यामुळे.

एकतीस वर्षं मी वीज मंडळाच्या कंट्रोल रूममध्ये होते. एक लांबलचक खोली, खिडकी नसलेली, समोर भिंतभर नकाशा आणि मधोमध लाल आकड्यांत फ्रिक्वेन्सी: पन्नास. पन्नास म्हणजे सगळं ठीक. मागणी चढली की आकडा उतरायचा. एकोणपन्नास पूर्णांक सात झालं की खुर्ची पुढे, पूर्णांक पाच झालं की फोनवर हात. पण बटण म्हणून मी आयुष्यात एकही दाबलं नाही. बटणं लांब होती, शंभर सबस्टेशनांत, आणि प्रत्येक बटणापाशी एक माणूस बसलेला होता. एकेका वस्तीला वीज नेणाऱ्या लाइनीला आम्ही फीडर म्हणायचो. मी फोनवर म्हणायचे, "फीडर सात बंद करा." तो माझ्या मागे म्हणायचा, "फीडर सात बंद करतो." मी म्हणायचे, "बरोबर. करा." मग पलीकडे धप्प असा आवाज, आणि तो वेळ सांगायचा, "केला, सहा बावीस," आणि मी लॉगबुकात सहा बावीस लिहायचे. मागे म्हटल्याशिवाय काही करायचं नाही. पहिल्याच दिवशी आमच्या साहेबांनी बजावलं होतं. ताई खदखदून हसायची. "तुमची कंट्रोल रूम म्हणजे बालवर्ग आहे. बे एकं बे आणि बे दुणे चार." हसू दे. एकतीस वर्षं माझं काम तोंडानं बोलण्याचं होतं. बोललं की झालं, पुढचं पलीकडचा माणूस करायचा. मंगळवारी मी ओट्यापाशी उभं राहून "राखीव साठ" म्हटलं, आणि माझ्या हाडांनी ऐकून घेतलं की हुकूम गेला. पलीकडे कोणी नव्हतं. मागे कोणी म्हटलं नाही, हे मला जाणवायला हवं होतं. पण भाजी होती, उकाडा होता, आणि इतकी वर्षं कोणी ना कोणी मागे म्हटलेलंच होतं.

"सहा मिनिटं राहिलीत, आई." बरं झालं सांगितलंस. माझा मुलगा वाईट नाही. त्यानंच ही पेटी आणली, पॅनेलवाल्यांच्या पोरांना उन्हात उभं राहून कामाला लावलं, माझ्या फोनवरची अक्षरं मोठी करून दिली. मंगळवारनंतर तो रात्रभर झोपला नसेल. पण त्याला वाटतं की माझी चूक झाली म्हणजे हात काढून घ्यायचा, आणि हाताच्या जागी संगणक बसवायचा. संगणकाला ताईची टाच कुठे माहीत आहे? त्याला मागणी माहीत आहे. मागणी मलाही माहीत होती, चांगली तोंडपाठ होती, आणि इथेच मला टोचत राहतं, कारण मी कोणत्या तोंडानं तक्रार करतेय? एकतीस वर्षं लोकांच्या घरातले दिवे मीच घालवले. भारनियमनाचं वेळापत्रक माझ्या अक्षरात असायचं. लग्नघरं, परीक्षेला बसलेली पोरं, तापानं फणफणलेली माणसं, सगळ्यांचा मिळून माझ्यासमोर एक आकडा व्हायचा, आणि आकडा पन्नासच्या खाली जाऊ नये म्हणून मी त्यातला तुकडा तोडायचे. सगळं शहर एकदम काळोखात जाण्यापेक्षा सातव्या फीडरनं दोन तास बसावं. हे मला तेव्हा पटत होतं आणि आजही पटतं. मग आज माझी पेटी मागितली तर माझा जीव का चरफडतो? स्वतःवर आलं की तत्त्व कडू लागतं, असंच ना? हा प्रश्न मी चार दिवस स्वतःला विचारत होते आणि चार दिवस स्वतःपुढे मान खाली घालत होते.

त्या ओट्यापाशी, हातात स्वच्छ चष्मा घेऊन उभी असताना, मला 'खोकला' आठवला. नदीकाठच्या सबस्टेशनचा ऑपरेटर. नाव काहीतरी होतं, पण बोलण्याआधी तो एकदा खोकायचा म्हणून आम्ही सगळे त्याला खोकलाच म्हणायचो, आणि त्याला ते माहीत होतं. त्या संध्याकाळी एकोणपन्नास पूर्णांक चार झालं होतं. मी म्हटलं, "फीडर अकरा बंद करा." पलीकडे खोकला ऐकू आला. मग काहीच नाही. मागे म्हणणं आलंच नाही. मी पुन्हा म्हटलं, जरा चढ्या आवाजात. तेव्हा तो म्हणाला, "बाई, थांबा. समोरच्या प्रसूतिगृहाचा जनरेटर दुरुस्तीला खोलून ठेवलाय. त्यांचा माणूस आत्ताच सांगून गेला, आत एक बाई टेबलावर आहे." नियमात अशी जागा नव्हती. हुकूम दिला की मागे म्हणायचं, एवढंच होतं नियमात. पण मागे म्हणायला जो श्वास घ्यावा लागतो ना, त्या श्वासात तो माणूस उभा राहिला होता. आकडा आणखी उतरत होता. मी दुसरा फोन उचलला आणि पाळी नसलेला एक फीडर बंद करायला सांगितला. तिथल्या माणसानं मागे म्हटलं. मी "बरोबर, करा" म्हटलं. आकडा सावरला. तो फीडर ताईच्या शाळेमागच्या वस्तीचा होता. तिथे ताई राहायची. त्या आठवड्यात तिची दुसरी वेळ. मला तिची गल्ली आठवली नाही असं नाही; मला तीच आधी आठवली. आपल्या माणसाचा काळोख मागायला सोपा जातो. दुसऱ्या दिवशी ती फोनवर कडाडली, नकाशांचे बेचाळीस पेपर मेणबत्तीच्या उजेडात तपासले, एका मुलाचा समुद्र निळा की हिरवा ते कळेना, आणि मी म्हटलं, "अगं, पाळी होती तुमची." पुढे तीस-बत्तीस वर्षं मी ते तसंच ठेवलं.

म्हणजे माझं चरफडणं वीज द्यावी लागते म्हणून नव्हतं. हे उलगडलं आणि मला हसूच आलं, मोठ्यानं. "काय झालं?" मुलगा दचकला. मी वीज काय, मागितली तर वाटेल तेवढी देईन. कोणाला द्यायची ते माझ्याइतकं या गल्लीत कोणाला कळतं? पण मला विचारा. माझ्या मागे म्हणा, नाहीतर मला तुमच्या मागे म्हणू द्या, आणि ते म्हणताना श्वास घेऊ द्या. ऑटोमॅटिकमध्ये तो श्वासच नाही. तिथे खोकला नाही. कोणी म्हणणार नाही, थांबा, आत एक म्हातारी गादीवर आहे. हात माझा चुकला असेल, तर हाताला एक माणूस लावून द्या. हात तोडून टाकू नका.

"आकडे मी सांगणार नाही," मी म्हटलं.

"आई, प्लीज. तीन मिनिटं राहिलीत. पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

"मग करू नकोस. मला सत्तरावं चालू आहे, मंगळवारी माझ्याकडून चूक झाली, मावशीची टाच माझ्यामुळे लाल झाली. हे सगळं मान्य. पण पेटी माझ्या घरात आहे आणि ती माझ्या बोलण्यावर चालेल. तू तिकडे बसून बघ पाहिजे तर. बघायला मी कधी ना म्हटलं नाही."

"आणि पुन्हा विसरलीस तर?"

"विसरले नव्हते," मी म्हटलं. "तुला नंतर सांगेन. लांबलचक आहे. फोन ठेवू नकोस."

आणि फोन तसाच हातात घेऊन मी ताईच्या खोलीत गेले. पडदा अर्धा ओढलेला होता. ताई उताणी, पाय उशीवर, डावी टाच हवेत राहील अशी ठेवलेली, पंप आपला घुं करत होता. तिनं माझ्याकडे बघितलं ते थेट हजेरी घेतल्यासारखं. मला भीती मुलाची नव्हती. त्याला मी चार गोष्टी सुनावू शकत होते. लोखंडावर दीड तास पडली होती ही, आणि त्या दीड तासात एकदाही ओरडली नव्हती. तिनं जर आत्ता म्हटलं असतं, देऊन टाक गं त्याला, पुरे झाली तुझी कंट्रोल रूम, तर मी तिथल्या तिथे सहाच्या सहा आकडे वाचले असते. म्हणून मी तिला आधी दुसरंच सांगितलं. का ते मला आत्ताही कळत नाही. हिशेब चुकता करायचा म्हणून नाही. तिनं माझ्यावर विश्वास ठेवायचा, तर पूर्ण माहितीनिशी ठेवावा, एवढंच.

"ताई, ते नकाशांचे पेपर आठवतात? मेणबत्तीवरचे? तेव्हा तुझी पाळी नव्हती. मी मुद्दाम बंद केला तुमचा फीडर."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"आमची पाळी सोमवार, गुरुवार. पेपर तपासले ते बुधवारी. वेळापत्रक वाचता येतं मला, तेच तर शिकवत होते. मला वाटलं, असेल काहीतरी, नाहीतर ही बाई माझ्याशी खोटं बोलायची हिंमत करणार नाही." मग तिनं मान किंचित वळवली. "कोणाला दिलीस?"

"प्रसूतिगृहाला. एक बाई टेबलावर होती."

"सुटली?"

"दुसऱ्या दिवशी खोकल्यानं फोन करून सांगितलं. मुलगी झाली."

पंप थांबला, पुन्हा सुरू झाला. माझ्या हातातल्या फोनमधून मुलाचा श्वास ऐकू येत होता. "मग ठीक आहे," ताई म्हणाली, "एवढी वर्षं नुसता हिरवा समुद्र डोक्यात घेऊन बसले होते मी." मी बॅटरीचं पान उघडलं. रेघ दहावरच होती, मंगळवारसारखीच, निर्लज्ज. मी ती सरकवली. "आता माझ्या मागे म्हण, ताई. तू म्हटल्याशिवाय मी बटण दाबणार नाही. राखीव साठ."

ताई गप्प. आयुष्यभर हसली त्या गोष्टीला, आता मागे म्हणायला सांगितल्यावर तोंड उघडेना. मी थांबले. पुन्हा म्हटलं, "राखीव साठ."

"साठ कशाला?" ताई म्हणाली. "हा पंप म्हणजे एक दिवासुद्धा नाही. फ्रिज बंद ठेव, मोटर संध्याकाळी लावू नकोस, पंखा एकच. चाळीसमध्ये रात्र निघते. मी काल मनातल्या मनात मांडून बघितलं, मला दुसरा उद्योग काय. मंगळवारी अख्खी गल्ली काळोखात होती, मी एकटी नव्हते. कोणाच्या घरी कोण टेबलावर असेल, तुला काय माहीत? चाळीस ठेव. वरचं जाऊ दे."

मागे म्हणायची पाळी आता माझ्यावरच आली होती. रेघ मी परत सरकवली. "राखीव चाळीस," मी ताईच्या मागे म्हटलं.

"बरोबर," ताई म्हणाली. "कर."

मी 'जतन करा' दाबलं. चांगलं रुतवून दाबलं. एक गोल फिरला आणि बदल जतन झाल्याचं आलं. त्याच्यावरच दुसरी पट्टी सरकली, कोडची मुदत संपली आहे. ती मी बोटानं बाजूला झटकली, ताटावरची माशी हाकलावी तशी. गादीशेजारच्या स्टुलावर नर्सची वही होती, टाचेचा रंग आणि वेळ लिहायची. मी तिचं शेवटचं पान उघडलं आणि पेन हातात घेतलं.

"आई," फोनमधून मुलगा म्हणाला. आवाज जरा घोगरा होता, त्यानं आधी एकदा घसा साफ केला. "इथे दिसलं. राखीव चाळीस झालं."

"वेळ सांग," मी म्हटलं.

"काय?"

"कधी झालं, ती वेळ सांग. मी लिहितेय."

मग तो म्हणाला, "केलं. चार सव्वीस."

"बरोबर," मी म्हटलं, आणि लिहिलं.